नोकरीसाठी परदेशी गेलेल्या कुटुंबातील मुलांची फुटबॉल क्लबमध्ये नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

आईवडिलांच्या नोकरीमुळे नाशिकहून म्युनिकला गेलेल्या बारा वर्षांच्या मुलाला क्लबतर्फे अधिकृत सामना खेळायचा असेल, तर आधी त्याची नोंदणी व्हावी लागते. ही नोंदणी फिफाच्या नियमांनी बांधलेली आहे आणि ते नियम जर्मन महासंघ व अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यासह सर्व २११ सदस्य संघटनांना लागू आहेत.

मूळ नियम कडक आहे. १८ वर्षांखालील खेळाडूची नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. परक्या देशात पहिल्यांदाच नोंदणी करू पाहणाऱ्या मुलालाही हेच बंधन आहे. क्लबचे आमिष दाखवून मुलांना परदेशी न्यायचे आणि निवड झाली नाही की वाऱ्यावर सोडायचे, असे प्रकार रोखण्यासाठी ही तरतूद आहे. ती मोडल्याबद्दल २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवरही नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी आली. त्यामुळे कागदपत्रांचा त्रास वाटला, तरी पालकांनी हा नियम आपल्याच मुलांच्या बाजूचा मानावा.

मराठी कुटुंबांना बहुधा लागू पडणारा अपवाद असा, की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेलेले असावेत. मुलाची नोंदणी पूर्वी कुठेच झालेली नसेल आणि तो तिथे सलग पाच वर्षे राहत असेल, तर तेवढ्यावरही परवानगी मागता येते. सीमेलगत राहणाऱ्यांसाठीचा अपवाद आपल्या फारसा कामाचा नाही.

अर्जासोबत मुलाचा व पालकांचा पासपोर्ट, जन्मदाखला, नोकरीचा करार किंवा कामाचा परवाना, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि स्थलांतराचे कारण सांगणारे पालकांचे सहीचे निवेदन तयार ठेवावे. नोकरीचा करार क्लबमध्ये जाण्याच्या आधीच्या तारखेचा असेल, तर कारण स्पष्ट करणे सोपे जाते. सर्वांत जास्त लक्ष जन्मदाखल्याकडे द्यावे. बाळाच्या जन्मानंतर लगेच घेतलेल्या दाखल्यावर नावाचा रकाना अनेकदा कोराच असतो, तर पासपोर्टवर बहुधा मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असते. दोन्ही कागदांवरचे नाव जुळावे म्हणून दाखल्यावर नाव चढवण्याचे काम महापालिकेत वा ग्रामपंचायतीत निघण्यापूर्वीच उरकावे आणि दाखला केवळ मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

पालकांनी फिफाकडे थेट अर्ज करायचा नसतो. क्लब कागदपत्रे त्या देशाच्या फुटबॉल संघटनेकडे देतो, संघटना ती फिफाच्या ऑनलाइन प्रणालीत भरते आणि तिथे निर्णय होतो. फिफाकडून मर्यादित सवलत मिळालेल्या संघटना हौशी क्लबांबाबत प्रत्येक अर्ज फिफाकडे न पाठवता स्वतःच पडताळणी करतात. मुलगा भारतात नोंदणीकृत असेल, तर मंजुरीनंतर भारतीय महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र, म्हणजे खेळाडूची नोंदणी एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्याकडे सोपवणारा कागद, मागवले जाते. दहा वर्षांखालील मुलांना हे प्रमाणपत्र लागत नाही. ते विनाशुल्क द्यावे, असे नियमातच असल्याने त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

कुटुंब भारतात परतल्यावर इथल्या क्लबसाठी हीच प्रक्रिया उलट दिशेने करावी लागते. म्हणून मंजुरीपत्रासह सर्व कागदांच्या प्रती जपून ठेवाव्यात.