काटा, काळीज आणि फिटनेसचा दाखला

खानापूर-निपाणीकडच्या जत्रांत मातीवरच्या कुस्तीची जोड नजरेनंच लागते. दोन पोरं शेजारी उभी करायची, मान-खांदे बघायचे, झालं. मॅट आली तसा वजनकाटा आला आणि ‘दोन किलो उतरव’ हा नवा धोकाही.

हा धोका उघडा पडला तो अमेरिकेत. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 33 दिवसांत तीन कॉलेज पैलवान गेले. पाणी तोडून, घाम कोंडणारा सूट चढवून, गरम खोलीत व्यायाम चालला होता. घामानं चरबी जात नाही, पाणी जातं. रक्त घट्ट होतं, अंगाची उष्णता बाहेर पडत नाही. त्यानंतर तिथं असे सूट आणि सौना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, बंद झाले. आधी लघवीची तपासणी. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे याचं माप, 1.020 च्या आत असेल तरच त्या पोराचा किमान वजनगट ठरतो. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही, म्हणजे 48 किलोच्या पोराला जेमतेम 700 ग्रॅम. 2018 पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होतं.

हृदयाची तपासणी त्याहून जुनी. इटलीनं 1982 पासून खेळाडूंना ईसीजी सक्तीचा केला. व्हेनेटो प्रांतात अचानक मृत्यूचं प्रमाण वर्षाला लाखामागे 3.6 वरून 0.4 वर आलं. अमेरिकेनं 1996 मध्ये प्रश्नावली आणि स्टेथोस्कोपवर भर दिला. सरसकट ईसीजी हवा का, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. सरावानं कमावलेल्या निरोगी हृदयाचा ईसीजीही कधी कधी बिघडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे 5 डिसेंबर 2004 ला बेंगळुरूत फुटबॉलच्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावरच कोसळून गेला, तेव्हा हा विषय घराघरात पोचला.

तालुका स्पर्धेच्या दाखल्यावर मात्र अनेकदा नुसता शिक्का असतो. तिथं दोन प्रश्न तरी हवेतच: पळताना-लढताना कधी चक्कर येऊन पडलास का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? मग छाती दोनदा ऐकायची, झोपवून आणि उभं करून. हृदयाचा स्नायू जाड झाला असेल तर येणारा आवाज उभं राहिल्यावर सहसा वाढतो. बाकीचे बरेच आवाज उतरतात. नुसतं खुर्चीत बसवून ऐकलं तर हा फरक कळतच नाही.

हाडांचं दुखणं वेगळं. तेरा-चौदाव्या वर्षी हाडाच्या टोकाची वाढीची चकती अस्थिबंधापेक्षा (लिगामेंटपेक्षा) कच्ची असते. मोठ्या माणसाचा जिथं लिगामेंट फाटतो, तिथं पोराची चकती सरकते, म्हणून मनगट-कोपराची ‘मुरगळ’ चोळून घेण्याआधी एक्स-रे काढावा. आणि तपासणी स्पर्धेच्या सहा आठवडे आधी; आदल्या संध्याकाळी काही सापडलं तर पुढची तपासणी करायची कधी?