दाताची कॅप कशाच्या जोरावर टिकते?

डॉक्टर ‘क्राउन’ म्हणतात, आपण ‘कॅप’ म्हणतो, आणि पुस्तकात ‘मुकुट’ छापलेलं असतं. कॅप आणि मुकुट दोन्ही डोक्यावर ठेवायच्या वस्तू. मूळ शब्दाचा रोख मात्र वेगळा आहे. ग्रीक ‘कोरोने’ म्हणजे वाकवलेली, वळलेली वस्तू. त्यावरून लॅटिन ‘कोरोना’, डोक्याभोवती बांधायची पानाफुलांची माळ. हृदयाला वेढणाऱ्या कोरोनरी धमन्या आणि खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणारा कोरोना याच घराण्यातले. १९६८ साली नाव मिळालेला कोरोना विषाणूही त्यातलाच. सगळीकडे भाव वेढण्याचा, आणि दाताचा क्राउन टिकतो तोही वेढ्यावरच.

रूट कॅनाल झालेली दाढ कमकुवत होते, कारण कीड आणि उपचारासाठी पाडलेलं भोक मिळून तिचा गाभा गेलेला असतो. उरतात त्या पातळ भिंती. चावताना दाब आला की त्या पाचरीने फाकाव्यात तशा बाहेर फाकतात, आणि एखाद्या दिवशी दाढ उभी चिरते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, ती लाकडाचे तुकडे आवळून धरते. क्राउनही हेच करतो. मात्र त्यासाठी त्याच्या कडेच्या वर, दाताभोवती सगळीकडून, किमान १.५ ते २ मिमी उंचीचा खरा, निरोगी दात हवा. दंतवैद्य या पट्ट्याला ‘फेरूल’ म्हणतात. काठीच्या टोकाच्या शेंबीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. इथे सिमेंटने भरलेला भाग धरायचा नाही. दाताच्या मुळाच्या आत बसवलेला ‘पोस्ट’, म्हणजे छोटी खुंटी, भरावाला आधार देतो, दाताला बळकटी देत नाही. पट्टा कमी पडला तर हिरडी व हाड थोडं खाली घेतात किंवा तारेने दात वर ओढतात. तेही जमत नसेल तर दात काढणं हाच प्रामाणिक सल्ला.

मग कॅपला जागा व्हावी म्हणून दाताचं घासकाम. अखंड झिरकोनिया (पांढरं, कठीण सिरॅमिक) असेल तर चावण्याची बाजू १ ते १.५ मिमी, धातूवर पोर्सिलेन असेल तर २ मिमीपर्यंत कमी करावी लागते. बाजूच्या भिंती जवळजवळ समांतर हव्यात. एकात एक घातलेले स्टीलचे पेले कसे अडकून बसतात, तसं. भिंती शंकूसारख्या उतरत्या झाल्या किंवा दाढेची उंची ४ मिमीपेक्षा कमी राहिली, तर सगळा भार सिमेंटवर येतो आणि कॅप वारंवार निघते.

झिरकोनियाची मौज वेगळीच. भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसला तो भाजताना साधारण २० टक्के आक्रसतो, म्हणून कॅप आधी तेवढी मोठी कोरतात. त्यात तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकापाशी स्फटिकांची रचना बदलते, ते किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. धातूवरच्या पोर्सिलेनला ही सोय नाही. त्याचा टवका उडतो.

बसवण्याआधी शेजारच्या दातांशी स्पर्श फ्लॉसने (दातांच्या फटीतून फिरवायच्या धाग्याने), कड टोकदार सळईने आणि चावा रंगीत कागदाने तपासतात. चावा केसभर उंच राहिला तरी दाढ ठणकते, म्हणून जबडा बधिर असताना ‘बरोबर वाटतंय’ म्हणू नये. कड आणि दात यांच्यातली फट ०.१२ मिमीपेक्षा मोठी नसावी, असा जुना मापदंड आहे. कॅप किडत नाही, पण कडेखालचा दात किडतो. तिथे ब्रश हिरडीला टेकवून फिरवावा लागतो आणि रोज फ्लॉस लागतो. तात्पुरती कॅप असेल तेव्हा फ्लॉस वर न ओढता बाजूने काढावा आणि चिक्कीला हात लावू नये.

कॅप निघालीच तर घरातल्या गोंदाने चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, पण आधी आत डोकावा. नुसतं सिमेंट दिसलं तर बहुधा तीच पुन्हा बसेल. दाताचा तुकडाच आत अडकून आला असेल, तर वेढायला खाली काही उरलंय का, ते आधी पाहावं लागेल.