एआय घटकांची कागदपत्रे: पार्श्वभूमी

एका यंत्रणेसाठी केलेला भाग दुसरीकडे उचलून बसवण्याचा धोका एआयच्या आधीपासूनचा. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियन-४ मधून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटी आकडा १६ बिटांत मावला नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो मावत होता.

एआयच्या घटकांबाबतचा खरा वाद वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ मानकातल्या (२०११-१२) एका मुभेवरून. कोणत्या गाडीत बसणार हे ठाऊक नसतानाही सुटा भाग गृहीतकांवर बनवा, ती लिहून द्या, खरी ठरतात का ते गाडी जुळवणाऱ्याने पाहावे, अशी ती मुभा. चिपच्या बाबतीत हे निभते. व्होल्टेज, तापमान मोजता येते. एआय मॉडेलची बरीचशी गृहीतके मात्र प्रशिक्षणाच्या डेटातच मुरलेली असतात, बनवणाऱ्यालाही ती धड सांगता येत नाहीत. तरी पडताळणीचा भार जुळवणाऱ्याच्याच गळ्यात. बनवणाऱ्यांची सोय झाली, एवढेच.

कॅमेरा आणि एआय मॉडेल लावून सोलापुरी टेरी टॉवेलमधले दोष शोधण्याचे उदाहरण घ्या. ७५ सेंमी पन्हा २०४८ पिक्सेलमध्ये टिपला, तर एक पिक्सेल ०.३७ मिमीचा. मॉडेलला २२४ पिक्सेल लागतात म्हणून चित्र आक्रसले की तोच ३.३ मिमीचा होतो आणि ताण्याचा (उभा) तुटलेला धागा दिसेनासा होतो. साध्या कापडावर शिकलेले मॉडेल तर टॉवेलवरच्या धाग्यांच्या लूपच्या सावलीलाच डाग समजू शकते. ओपनसीव्ही ही चित्रे हाताळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी रंग निळा-हिरवा-लाल क्रमाने वाचते. मॉडेलला उलटा क्रम हवा असेल तर एरर येत नाही, निकाल तेवढे बिघडतात. म्हणून मिमी प्रति पिक्सेल, रंगक्रम, नॉर्मलायझेशनचे (पिक्सेलच्या किमती ठरावीक पट्ट्यात आणण्याचे) आकडे आणि दोष ठरवायची मर्यादा कोणत्या कापडावर बेतली, हे मॉडेलच्या फाइलसोबतच यायला हवे. अचूकतेची टक्केवारी एकटी काही कामाची नाही.

२०१८ मध्ये मॉडेल कार्ड (मॉडेलचे माहितीपत्रक) आणि डेटाशीट (डेटासंचाचे माहितीपत्रक) या कल्पना मांडल्या गेल्या. दोन्ही माणसाने वाचायच्या. यंत्राला वाचता येणाऱ्या सॉफ्टवेअर घटकयाद्यांच्या नमुन्यांत मॉडेलला जागा मिळाली ती सायक्लोनडीएक्स १.५ (२०२३) आणि एसपीडीएक्स ३.० (२०२४) मध्ये. त्यात आवृत्ती आणि हॅश (फाइलची अंकी ओळखखूण) यांना ठरलेली जागा आहे, कापडाला नाही.

२०२४ च्या युरोपीय एआय कायद्याने अतिजोखमीच्या प्रणालींना घटक पुरवणाऱ्यांवर लेखी कराराने माहिती देण्याचे बंधन घातले. मुक्त परवान्याखालचे घटक मात्र बहुतांशी वगळले. त्यांना मॉडेल कार्डसाठी नुसते प्रोत्साहन. छोटे जुळवणारे फुकट उतरवून घेतात ती मॉडेल्स बहुधा याच गटातली.