डाय इंक की पिगमेंट इंक? आधी तो ‘पक्की’ शब्द बाजूला ठेवा

रबर स्टॅम्पने ग्रीटिंग कार्ड करणाऱ्या कुणालाही इंकपॅड कुठला घेऊ म्हणून विचारून बघा, शाईच्या डाय आणि पिगमेंट या दोन प्रकारांबद्दल उत्तर ठरलेलं, "पिगमेंट घे, ती पक्की असते, डाय कच्ची." हे इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं दुखतं. बरं, साफ खोटं असतं तरी चाललं असतं, पण अर्धं खरं आहे आणि तो अर्धा भागच घोळ घालतो.

डाय इंक तुम्हाला माहितीच आहे, बहुतेकांचा पहिला पॅड तोच. फेल्टचा, जरा कडक, शिक्का मारला की शाई कागदात मुरते आणि बघता बघता वाळते. पॅड पालथा ठेवायचा म्हणजे शाई वर उतरून येते, हेही एव्हाना कळलं असेल. पुढे जाऊ.

पिगमेंटमध्ये रंग विरघळलेलाच नसतो. साखर पाण्यात टाकली की दिसेनाशी होते, माती टाकली की पाणी गढूळ होतं पण माती मातीच राहते, तसं समजा. डायचा रंग साखरेसारखा, कागद ओलावा शोषून घेतो तेव्हा रंगही सोबत आत जातो. पिगमेंटचे कण मातीसारखे, ते कागदाच्या वर थर करून बसतात. पॅड बहुधा फोमचा, बोट लावलं तर मऊ, ओलसर. एवढंच.

आता तो पक्केपणा. कापड घेताना आपण "रंग पक्का आहे ना?" विचारतो तेव्हा प्रश्न एकच असतो, धुतल्यावर जाणार का. कार्ड कोण धुतंय? कार्डाच्या बाबतीत पक्का म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात. एक म्हणजे उजेडात रंग उडणं, इथे पिगमेंट साधारणपणे जिंकते, फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर तीच घ्या, वाद नाही. दुसरं म्हणजे बोट फिरवल्यावर फासणं, आणि इथे तुमची ती ‘कच्ची’ डायच पुढे असते कारण ती आत मुरून मोकळी झालेली असते, पिगमेंट मात्र बराच वेळ ओली राहते आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर हीट गनने (कडक गरम हवा मारणाऱ्या हत्याराने) तापवल्याशिवाय वाळायचं नावच घेत नाही. मी एकदा असंच घाईघाईत पिगमेंटने केलेलं कार्ड पाकिटात सरकवलं होतं, बाहेर काढलं तेव्हा शुभेच्छा कार्डावर कमी आणि पाकिटाला जास्त लागल्या होत्या.

तिसरी गोष्ट खरी गोची आहे, आणि ती डाय-पिगमेंटवर ठरतच नाही. आउटलाइनचा स्टॅम्प मारला, आता फुलाच्या आत रंग भरायचाय. काळी रेघ टिकेल का? हे शाईचं नाव बघून कळत नाही. वरून तुम्ही काय फिरवणार आहात आणि त्यात ही शाई परत सुटते का, एवढंच बघायचं. पाण्याचा ब्रश फिरवणार असाल तर शाई पाण्यात सुटता कामा नये, अल्कोहोल मार्कर, म्हणजे अल्कोहोलमध्ये रंग असलेली पेनं, फिरवणार असाल तर ती अल्कोहोलमध्ये सुटता कामा नये, आणि या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत, एकीत पास झाली म्हणून दुसरीत होईलच असं नाही.

मेमेंटो नावाचा काळा पॅड बघा. डाय इंक आहे, म्हणजे लोकांच्या हिशोबाने कच्ची. कॉपिकसारखे अल्कोहोल मार्कर वरून फिरवा, रेघ जागची हलत नाही. त्याच रेघेवर ओला ब्रश फिरवा, काळं पाणी पसरलंच. आता स्टॅझऑन नावाचा पॅड घ्या. ही सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रसायनात कालवलेली, काचेवर, प्लास्टिकवर बसते, पाण्याला दाद देत नाही, म्हणजे सगळ्यात पक्की, हो ना? तिच्यावर अल्कोहोल मार्कर फिरवून बघा, पिवळ्या पाकळीत काळे ओघळ येतात आणि मार्करचं टोक मळतं ते वेगळंच. पक्की शाई फसली, कच्ची टिकली! पाण्याच्या रंगांसाठी मी व्हर्साफाइन वापरते, ती पिगमेंट आहे, रेघ बारीक उठते आणि नीट वाळली की पाण्याला टिकते. पण म्हणून सगळ्याच पिगमेंट टिकतील असं धरून चालू नका. उलट डिस्ट्रेस इंक नावाची डाय मुद्दाम पाण्याने पसरावी म्हणूनच बनवलेली असते, तिच्याबद्दल "पाणी लागलं की पसरते हो" अशी तक्रार वाचली की हसावं की रडावं कळत नाही.

कुठली शाई जास्त भडक दिसते, हे कोडंही कागदात बसलेलं असतं. डाय पारदर्शक, उजेड तिच्यातून जाऊन खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो म्हणून रंग उजळ दिसतो. तोच लाल पॅड निळ्या कागदावर मारला की काळपट डाग, आणि मग दोष पॅडला! रंगीत किंवा गडद कागद असेल तर पिगमेंट, पांढरा असेल तर मी दहातल्या नऊ वेळा डायच घेते, फ्रेश दिसते. पांढऱ्या रंगाची शाई हवी असेल तर प्रश्नच मिटला, ती पिगमेंटच असते, पारदर्शक पांढरं कसं दिसणार.

एम्बॉसिंगला, म्हणजे ओल्या शिक्क्यावर पावडर टाकून ती तापवून उठावदार ठसा करायला, पिगमेंट घ्यायची, कारण तिथे तिचं ओलं राहणं कामाला येतं, पावडर चिकटायला वेळ मिळतो. आणि हेअर ड्रायर कृपया लांब ठेवा. पावडर वितळेल इतका तो तापत नाही आणि वाऱ्याने सगळी उडवून लावतो. हे सांगून सांगून थकले.

रबर स्टॅम्प चांगला की क्लिअर, म्हणजे पारदर्शक? कुठलाही घ्या. क्लिअरमधून खाली काय चाललंय ते दिसतं, रबर जास्त दणकट असतो. फक्त सॉल्व्हंट शाई क्लिअर स्टॅम्पला लावू नका, तो खराब होतो. आणि स्टॅम्प कुठलाही असो, कागदावर टेकवून डुलवू नका, कडा उमटतात, सरळ दाबा आणि सरळ उचला.

माझ्याकडे प्रत्येक पॅडच्या झाकणाला आतून कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. नवीन पॅड आला की तिच्यावर तीन शिक्के मारते, वाळू देते, मग एकावर बोट, एकावर ओला ब्रश, एकावर मार्कर. डब्यावर परमनंट लिहिलंय की काय, ते मी आता वाचतही नाही.