आत गेलेल्या जवानाला बाहेर कोण काढणार?

गोव्यात हडफडेच्या नाइट क्लबला डिसेंबर २०२५ मध्ये लागलेल्या आगीत २५ जण दगावले, त्यातले बहुतेक तिथलेच कर्मचारी. रस्ता अरुंद असल्याने बंब लांबच उभे करावे लागले. पुढे परवाने आणि बाहेर पडायच्या वाटा यांवर भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एक प्रश्न मात्र मागे राहिला. धुराने भरलेल्या अशा जागेत शिरलेला जवानच वाट चुकला किंवा अडकला, तर त्याला काढायचं कुणी आणि कसं? अग्निशमनात हे वेगळं शिक्षण मानलं जातं आणि त्यातले बहुतेक धडे कुणीतरी जीव गमावल्यावरच लिहिले गेले आहेत.

२३ जानेवारी १९५८ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघराला आग लागली. खाली बोळांचं जाळं होतं. दोन अग्निशामक आत गेले, रस्ता चुकले आणि त्यांच्या संचातला ऑक्सिजन संपला. आत कोण गेलंय, किती वेळ झाला, याचा हिशोब ठेवायची पक्की शिस्त तेव्हा नव्हती. ती या आगीनंतर आली: प्रत्येक बीए सेटला (पाठीवरच्या श्वसनसंचाला) नावाची टॅली, म्हणजे चकती, ती दाराशी ठेवलेल्या फळ्यावर लावायची, हवा कमी पडू लागली की वाजणारी शिट्टी आणि परतीची वाट दाखवणारा दोर. भारतातली दलं ब्रिटिश वळणाची असल्याने बीए सेट आणि टॅली हे शब्द आपल्याकडेही रुळले.

पण माणूस हरवलाय हे कळणं वेगळं आणि त्याला उचलून आणणं वेगळं. हा दुसरा भाग अमेरिकेत घडला. १९८७ साली ओहायोतल्या कोलंबसमध्ये एक जवान जमीन खचून खाली पडला आणि वरच्यांना त्याला त्या भोकातून बाहेर घेता आलं नाही. १९९२ साली डेन्व्हरमध्ये तर सहकारी अडकलेल्या जवानापर्यंत पोहोचले होते. भिंत आणि कपाटं यांच्यात जेमतेम २८ इंचांची जागा, खिडकीची चौकट जमिनीपासून ४२ इंचांवर. वाकून उचलायला वावच नाही. आज ‘डेन्व्हर ड्रिल’मध्ये नेमकी तेवढीच फट फळ्या ठोकून तयार करतात. एकाने खिडकीखाली पाठ टेकून बसायचं, बेशुद्ध सहकाऱ्याला वाकवलेल्या गुडघ्यांवर ओढून घ्यायचं, दुसऱ्याने पायांकडून रेटायचं आणि दोघांनी मिळून त्याला चौकटीवर चढवायचं.

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच वुस्टरच्या शीतगृहाच्या आगीत दोघे जवान हरवले. त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. नुसत्या धाडसाने भागत नाही, हे त्या सहा मृत्यूंनी दाखवून दिलं. २००१ मध्ये फिनिक्सच्या एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान दगावला, तेव्हा तिथल्या दलाने रिकाम्या इमारतींत सराव करून मोजमापच घेतलं. एका जवानाला बाहेर आणायला सरासरी २१ मिनिटं आणि १२ माणसं लागली. वाचवायला गेलेल्या पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत आला. या विषयाचं स्वतंत्र अमेरिकन मानक निघायला मात्र २०१० उजाडलं.

आपल्याकडे १४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांचं स्मरण होतं. मे २०१५ मध्ये काळबादेवीची इमारत आगीत कोसळली आणि मुंबईने अग्निशमन प्रमुखांसह चार अधिकारी गमावले. ही तर दलातली सर्वांत अनुभवी माणसं.

गोव्यासाठी फिनिक्सचा बाराचा आकडा अवघड आहे. एका बंबावरच्या जवानांत तो बसत नाही. पणजीत काही घडलं तर पर्वरी, जुने गोवे हाकेच्या अंतरावर. काणकोणला मडगावची कुमक करमल घाट ओलांडून येणार. म्हणून बाहेर राखीव तुकडी उभी ठेवायची अमेरिकी पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येईल असं मला वाटत नाही. लहान ठाण्यांत आधी भर द्यावा तो जवान हरवूच नये यावर, आणि हरवलाच तर हवा शिल्लक असतानाच त्याने वॉकीटॉकीवर हाक द्यावी यावर. लाजेपोटी ती हाक उशिरा जाते, हे जगभरचं दुखणं.

याला फारसा खर्चही नाही. मास्कवर काळं कापड बांधून जवानाला होजपाइपवर सोडायचं. त्याने जोडावर हात फिरवून मेल (आत शिरणारं) आणि फीमेल (आत घेणारं) कपलिंग ओळखायचं: फीमेल ज्या बाजूला, त्या बाजूला बंब आणि बाहेरचं दार.