मनोऱ्यावरून मोजलेला लॉकडाऊन

मार्च संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो पुन्हा फिरू लागतो. एप्रिल २०२०, जालंधरच्या गच्चीवरून दिसणारे धौलाधारचे बर्फाळ कडे आणि खाली मजकूर: माणूस घरात बसला, पृथ्वी बरी झाली. फोटो खरा आहे. (व्हेनिसच्या कालव्यातले म्हणून फिरलेले डॉल्फिन मात्र सार्डिनियाच्या बंदरातले होते. थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो या शोधाबद्दल तर बोलायलाच नको.) पण डोंगर दिसले ते धूळ-धूर कमी झाल्यामुळे. धूर काही दिवसांत खाली बसतो किंवा पावसाने धुतला जातो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो दिसत नाही आणि हवेत गेलेला बराचसा भाग शतकानुशतकं हटत नाही.

याच्या उलट टोकाला थोडी शिकलेली मंडळी. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत कार्बन डायऑक्साइडची मे २०१९ची सरासरी होती ४१४.७ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे तेवढे रेणू. मे २०२०मध्ये ती ४१७.१ झाली. ‘बघा, सगळं बंद ठेवूनही काही फरक नाही!’ फरक होता. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन २०१९च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. साठा वाढतच होता, फक्त भर थोडी कमी पडत होती.

पण हे १७ टक्के हिशेबातून आले: वाहतूक किती घटली, वीज किती कमी लागली, त्यावरून. शहराच्या हवेतच ही घट मोजता येईल का?

नुसतं हवेतलं प्रमाण मोजून फसगत होते. रात्री हवा वर फारशी मिसळत नाही, त्यामुळे गाड्या तेवढ्याच असल्या तरी आकडा चढतो. दुपारी ऊन तापलं, हवा ढवळली, की उतरतो. वसंतात झाडं पालवली की आणखी उतरतो. म्हणून हवेत किती आहे यापेक्षा शहरातून वर किती जातंय हे विचारावं लागतं, आणि त्यासाठीची पद्धत मला विलक्षण देखणी वाटते. तिचं नाव एडी कोव्हेरिअन्स.

छपरांच्या बऱ्याच वर, मनोऱ्यावर दोन यंत्रं बसवतात. एकात समोरासमोरच्या टोकांमध्ये श्राव्यातीत ध्वनीचे ठोके धावतात. वाऱ्याच्या दिशेने ठोका लवकर पोचतो, उलट दिशेने उशिरा. त्या फरकावरून वारा वर चाललाय की खाली, ते सेकंदाला दहा-वीस वेळा कळतं. दुसरं यंत्र अवरक्त प्रकाश किती शोषला गेला यावरून तितक्याच वेगाने कार्बन डायऑक्साइड मोजतं. गंमत अशी, की अर्ध्या तासाची सरासरी काढली तर हवा जेवढी वर जाते जवळपास तेवढीच खाली येते. मग वायू वर जातो कसा? रेशनच्या दुकानात जेवढी माणसं शिरतात तेवढीच बाहेर पडतात, पण आत जाणाऱ्यांच्या पिशव्या रिकाम्या आणि बाहेर येणाऱ्यांच्या भरलेल्या असतात. दाराशी उभं राहून पिशव्या पाहिल्या तरी किती धान्य गेलं ते कळतं. इथे दार म्हणजे मनोरा आणि माणसं म्हणजे हवेचे भोवरे.

समजा, वर जाणारी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जातेय आणि तिच्यात सरासरीपेक्षा १ पीपीएम जास्त आहे. खाली येणारी त्याच वेगाने येतेय आणि तिच्यात १ कमी. प्रत्येक क्षणी वेगाचं विचलन (म्हणजे सरासरीपासूनचा फरक) गुणिले प्रमाणाचं विचलन. अधिक गुणिले अधिक म्हणजे अधिक, वजा गुणिले वजा म्हणजेही अधिक. दोन्ही भोवऱ्यांचा गुणाकार एकाच बाजूला पडतो, एकमेकांना खोडत नाही. सरासरी येते ०.५. एक घनमीटर हवेत साधारण ४१ मोल रेणू असतात, ते धरून हिशेब केला तर दर चौरस मीटरमागे तासाला ३ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वर चाललाय. तेही ४००हून जास्त पीपीएमच्या गर्दीत जेमतेम २ पीपीएमच्या फरकावरून!

अर्थात मनोऱ्याला वाऱ्याकडचाच भाग ‘दिसतो’. वारा बागेकडून आला तर आकडा वेगळा, हमरस्त्यावरून आला तर वेगळा. म्हणून तुलना आधीच्या वर्षांतल्या त्याच काळाशी करायची.

युरोपातल्या ११ शहरांत अशी १३ केंद्रं महासाथीच्या कित्येक वर्षं आधीपासून चालू होती. पहिल्या लॉकडाऊनमध्ये प्रत्येक ठिकाणी उत्सर्जन घटलं, पण घट कुठे ५ टक्के तर कुठे ८७! एकाच शहराच्या दोन भागांतही आकडे जुळले नाहीत. मुख्य कारण रस्त्यावरची वर्दळ थांबणं. जिथे रहदारी मुळात कमी आणि घरं तापवणारा गॅसच जास्त जळतो, तिथे लोकांना घरात कोंडून फार काही घटणार नव्हतंच. निर्बंध उठल्यावर बहुतेक केंद्रांवरचे आकडे काही महिन्यांतच पूर्वपदावर आले.

इंधनविक्रीवरून काढलेला शहराचा कार्बनचा हिशेब हाती यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि त्यात कुठल्या पेठेत किती हे कळत नाही. उद्या एखाद्या महापालिकेने एक भाग गाड्यांना बंद केला आणि ‘उत्सर्जन निम्म्यावर आणलं’ असा फलक लावला, तर तो फलक तपासायला असा एक मनोरा पुरे. मात्र तो फलकाच्या दोन-तीन वर्षं आधीपासून उभा हवा.