गोव्यात बांधकाम परवाना: नकाशा काढण्याआधी जमिनीचे कागद तपासा

डिचोली असो, वाळपई असो वा फोंडा, पालिकेत बांधकाम परवान्याचा अर्ज रखडतो तो बहुतेक वेळा घराच्या नकाशामुळे नाही, जमिनीच्या कागदांमुळे. तरीही लोक आधी इंजिनिअर गाठतात, नकाशा काढून घेतात, पैसे मोजतात आणि मग कळते की प्लॉट वस्ती विभागात नाही किंवा उताऱ्यावर कुळाचे नाव आहे. म्हणून ही माहिती उलट्या बाजूने, जमिनीपासून सुरू करतो.

परवाना देणारे कार्यालय एकच नसते. पणजी आणि म्हापशाला उत्तर गोवा नियोजन व विकास प्राधिकरण, मडगाव आणि फोंड्याला दक्षिण गोव्याचे, तर वास्कोला मुरगावचे प्राधिकरण आहे. या भागांत आधी या प्राधिकरणाची, म्हणजे पीडीएची, विकास परवानगी लागते. ती १९७४च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम ४४खाली मिळते. डिचोली, साखळी, पेडणे, वाळपई अशा ठिकाणी आणि बहुतेक पंचायतींत हेच काम नगर नियोजन खात्याचे, म्हणजे टीसीपीचे तालुका कार्यालय करते. तिथल्या कागदाला टेक्निकल क्लिअरन्स म्हणतात. तो हातात आल्यावरच पालिका किंवा पंचायत बांधकाम परवाना देते. टीसीपीची मंजुरी मिळाली म्हणून पाया खणायला घेऊ नका. परवाना पालिकेचाच लागतो.

पहिला कागद एक-चौदाचा उतारा, म्हणजे सातबारासारखा जमिनीच्या नोंदीचा कागद. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तो सर्व्हे नंबर टाकून मिळतो. पोटहिस्सा नंबर अचूक टाका, ४५/३ आणि ४५/३-अ या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात. उतारा हातात आल्यावर नुसते क्षेत्रफळ बघून घडी घालू नका, वरून खाली सगळा वाचा. जमिनीच्या वर्गवारीत जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात. तरी किंवा खाजनाच्या रकान्यात आकडा असेल तर ती भातशेतीची जमीन आहे. तिथे घराचा विचार करण्याआधी वकिलाला भेटा. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३पासून कायद्यानेच निर्बंध आहेत. खाली कब्जेदारांची नावे, मग कुळाचा रकाना, मग इतर हक्कांचा. कुळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तसा १९९१चा कायदा आहे. ‘इतर हक्क’मध्ये मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर त्याचे घर आणि घराभोवतीची जागा तुमच्या हिशेबातून वगळावी लागते.

शहराचा सिटी सर्व्हे झालेल्या भागात एक-चौदाऐवजी फॉर्म डी हा उतारा आणि चलता नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतला जागेचा क्रमांक, चालतो. तिथे पीटी शीटचा, म्हणजे सर्व्हे नकाशाच्या पानाचा, नंबरही टिपून ठेवा.

कब्जेदारांच्या रकान्यात आजोबांचेच नाव असणे ही गोव्यात अगदी नेहमीची गोष्ट. अर्ज करायचा असेल तर वारसांनी आधी नाव चढवून घ्यावे: सक्सेशन डीड (वारस ठरवणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातल्या वाटणीचा, निवाडा, मग मामलेदाराकडे म्युटेशन (नोंदीतला फेरफार). उताऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत कायदा ती खरी धरतो, पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून खरेदीखत, वारसाचा दस्त किंवा पोर्तुगीज काळातली नोंदणी सोबत जोडावीच लागते. गोव्याच्या समान नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते, त्यामुळे दोघांची नावे आणि सह्या सुरुवातीपासूनच बघा. एक भाऊ मुंबईला, दुसरा दुबईला असेल तर मुखत्यारपत्र आधी तयार ठेवा. सहहिस्सेदाराची एक हरकत आली की फाइल महिनोन्महिने हलत नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावकीच्या सामूहिक मालकीची, जमीन असेल किंवा सत्तरीतली आल्वारा, मोकासो अशी जुन्या राजवटींत दिलेली जमीन असेल, तर वाट वेगळी आहे. तिथे मालकीचाच प्रश्न आधी सुटायला हवा.

मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा विकत घेणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे. भूखंड पाडायला नगर नियोजनाची मंजुरी लागते आणि त्या कायद्याच्या कलम ४९(६)ची एनओसी (ना हरकत दाखला) नसेल तर सब-रजिस्ट्रार अशा तुकड्याचे खत नोंदवत नाही. त्यावर पळवाट म्हणून जमिनीचा ‘अविभाजित हिस्सा’ विकला जातो. खत नोंदवले जाते, पण हातात स्वतंत्र प्लॉट येत नाही. मंजुरी नसलेल्या प्लॉटवर घराचा परवानाही मागता येत नाही. आयुष्यभराची पुंजी अशी गुंतवू नका.

दुसरा कागद झोनिंग सर्टिफिकेट. ते टीसीपी किंवा पीडीए देते. प्रादेशिक आराखडा २०२१ किंवा शहराच्या ओडीपीनुसार (बाह्य विकास आराखडा) जमीन वस्ती, बागायत, शेती की नैसर्गिक आच्छादनात येते ते त्यात असते. वस्ती विभागातही प्रतवारी आहे. एस-वनला एफएआर, म्हणजे प्लॉटच्या टक्क्यांत मिळणारे चटई क्षेत्र, १००, एस-टूला ८०, एस-थ्रीला ६०, एस-फोरला ५०. म्हणजे एस-टूमधल्या ३०० चौरस मीटर प्लॉटवर एकूण २४० चौरस मीटर चटई क्षेत्र. मात्र रस्ता रुंदीकरणात जाणारी पट्टी आधी वजा होते. प्लॉट उतारावर असेल तर कंटूर प्लॅन, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, लागतो. २५ टक्क्यांहून अधिक उतारावर विकास करता येत नाही. डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यावर नगर नियोजन कायद्याचे कलम १७अ लागू होते, आणि ती माती एका रात्रीत हलवली तरी गुन्हा गुन्हाच राहतो. समुद्र, नदी, खाडीजवळ सीआरझेडसाठी, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या मंजुरीसाठी, किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागते.

तिसरा कागद सनद. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२खाली बिगरशेती वापराची ही परवानगी महसूल अधिकारी देतात. त्याआधी मामलेदार, नगर नियोजन आणि वन खाते अहवाल देतात. सनद असलेला प्लॉट घेत असाल तर तिच्यावरचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि जोडलेला नकाशा तुमच्याच तुकड्याशी जुळतो का, हे फूटपट्टी लावून तपासा. सनद शेजारच्या भागाची निघाल्याचे प्रकार होतात.

हे तीन जमले की नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा नकाशा, सर्व्हे प्लॅन, मालकीचे दस्त, संरचनेच्या मजबुतीचा दाखला घेऊन अर्ज करा. पायाभूत सुविधा कर मंजुरीच्या वेळी भरावा लागतो. आरोग्य केंद्राची एनओसी सेप्टिक टँक आणि सांडपाण्यासाठी. झाडे तोडायची असतील तर वन खात्याची परवानगी वेगळी.

पंचायतीने अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. हा हक्क १९९४च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ने दिलेला आहे आणि तो वापरणारे फार थोडे आहेत. त्यासाठी अर्ज दिल्याची पोच तारखेसह लागते. तोंडी ‘येऊन जा’ यावर विसंबू नका. पालिकेतही आवक क्रमांक घ्या, त्रुटी असतील तर लेखी मागा.

घर मंजूर नकाशाप्रमाणेच बांधा. बाल्कनी वाढवली, पार्किंग बंद करून खोली केली, तर पूर्णत्वाचा दाखला अडतो. तो टीसीपी किंवा पीडीए देते आणि त्याच्या आधारावर पालिका वा पंचायत ऑक्युपन्सी सर्टिफिकेट देते. वीज-पाण्याची कायम जोडणी आणि घरपट्टीची नोंद करायला हेच ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मागतात.